चुन्याखालचा याकोबस

मित्रांनो, मी एक जुना कुंचला आहे, चुना देण्याचा. घोड्याच्या शेपटीचे केस आणि बाभळीची मूठ, एवढंच माझं भांडवल. माझ्या मालकिणीच्या, हेस्टरच्या, नवऱ्याने मला बांधलं तेव्हा तो तिला म्हणाला होता, "हा माझ्यापेक्षा जास्त टिकेल बघ." आणि टिकलो.

माझं काम वर्षातून एकदाच असायचं. युद्धात इंग्रजांनी इथल्या बोअर शेतकऱ्यांची घरं जाळली आणि बायकामुलांना तंबूंच्या छावणीत कोंडलं. आमच्या क्लिपडाल गावाबाहेर त्या छावणीची दफनभूमी आहे. बहुतेक थडगी लहान मुलांची. दगड मऊ, वालुकामय. आयांनीच चाकूने त्यांवर नावं कोरली. हेस्टर तेव्हा सहा वर्षांची होती. तिचा धाकटा भाऊ याकोबस तिथेच आहे.

दर मे महिन्यात, इकडचा हिवाळा सुरू होऊन थंडी पडू लागली की ती मला भिजत घालायची आणि एकेका दगडाला चुना द्यायची. अशी चाळीस वर्षं. प्रार्थनेनंतर पाद्री सगळ्यांसमोर म्हणायचे, "पाहा, आपली दफनभूमी कशी लख्ख आहे!" मीही फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

मग एका वर्षी तिची थोरली बहीण अलीडा दूरच्या गावाहून आली. तिची दृष्टी गेली होती. याकोबसच्या नावावरून एकदा हात फिरवायचा, एवढीच तिची इच्छा होती.

तिने दगड चाचपला. "हेस्टर, हा तर अंड्यासारखा गुळगुळीत आहे गं. नाव कुठंय?"

"आहे ना, आत."

"आत? आईने तर वर कोरलं होतं."

"दरवर्षी जिवापाड रंगवते मी, ताई!"

"रंगवतेस की पुरतेस?"

हेस्टरचा चेहरा पडला. "ओळ हीच," ती पुटपुटली, "पण दगड कुठला ते आता सांगता येत नाही गं." तिला रडू कोसळलं. मलाही लाज वाटली. एकेक थर माझ्याच हातचा होता.

दोघी तीन दिवस पाणी आणि लाकडी चमचा घेऊन चुना खरवडत बसल्या. पहिल्या तीन दगडांवर दुसऱ्याच मुलांची नावं निघाली. चौथ्यावरची जाड खपली अख्खीच सुटून आली आणि मागचा दगड वाळू होऊन ओघळला. त्यावर काहीच उरलं नाही.

अलीडाने खपली मांडीवर उलटी ठेवली. कोरलेल्या खाचांमध्ये भरलेला चुना आतल्या बाजूला उठून आला होता. तिची बोटं उलट्या दिशेने सावकाश सरकली आणि थांबली.

"सापडला गं. याकोबस. वय तीन."

खपली तिने बाळाला गुंडाळावं तशी शालीत गुंडाळली. चर्चमध्ये जपून ठेवायला नेताना वाटेवर दोघींनी ती आळीपाळीने कडेवर घेतली.

तेव्हापासून मी खिळ्याला टांगलेला आहे. कुणी भिजवत नाही, आणि तेच बरं. मित्रांनो, एखादी गोष्ट जिवापाड जपायची असेल, तर हात लावण्याआधी तिच्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. आम्ही चाळीस वर्षं वाचलं नाही.