माझ्या वजनाची एस्टीम

शेखरने आमच्या एस्टीमच्या बॉनेटवर टिचकी मारली आणि म्हणाला, "काका, हिला भंगारात घाला. निदान किलोवर जाईल."

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी नीट जेवलं नाही. म्हणजे मी जेवले, मी कायम जेवते, पण पप्पांच्या कपाळावरची शीर काही खाली बसली नाही.

पप्पांचं अंबडला गॅरेज आहे. तिथे फक्त स्प्रिंगा, शॉकअप आणि चाकांचं अलाइनमेंट. शेखर त्यांच्या जुन्या भागीदाराचा मुलगा. भागीदारी तुटली, तिकडे त्यांच्या मळ्यातली द्राक्षं परदेशी गेली आणि परदेशातून शेखरसाठी पिवळी, दोन दारांची, नवी कोरी स्पोर्ट्स कार आली. सिन्नरच्या एमआयडीसीत एका मोकळ्या प्लॉटवर दर हिवाळ्यात शंकू मांडून शर्यत होते. एकेक गाडी सोडतात, शंकूंच्या मधून नागमोडी जाऊन परत यायचं, वेळ कमी तो पहिला. गेल्या वर्षी शेखर पहिला आला होता, आणि तो कप दाखवायला मुद्दाम आमच्या गॅरेजवर आला होता.

"त्याचं इंजिन मोठं असेल," पप्पा म्हणाले, "पण वळण इंजिन घेत नाही, चाकं घेतात. आपली शहाण्णवची एस्टीम त्याच्यासारखी वळवून दाखवली नाही तर गॅरेजचं शटर ओढीन."

"चालवणार कोण?" मी विचारलं.

"तू. दुसरं कोण आहे?"

खरंच कुणी नव्हतं. दादा, म्हणजे राजू, पुण्याला इंजिनिअरिंगला. मला अठरा पूर्ण होऊन लायसन्स मिळालेलं, आणि गॅरेजच्या गल्लीत गाड्या मागेपुढे करण्यात तर मी शाळेतल्या कुठल्याही विषयापेक्षा हुशार! बारावीचं वर्ष आहे, असं मम्मीने चार वेळा बजावलं. चारही वेळा मी मान हलवली आणि गॅरेजवर गेले.

आमची एस्टीम वळणावर आधी अंग एका बाजूला टाकायची, मग विचार करायची आणि मग वळायची. पप्पांनी आखूड आणि कडक स्प्रिंगा बनवून घेतल्या. डाव्याउजव्या चाकांना जोडणारी कांब होती, तिच्या जागी जाड कांब घातली, गाडी कलू नये म्हणून. मागची सीट काढून टाकली. चाकं वरून किंचित आत झुकवली. मी पाने देत होते, शिव्या खात होते. "तृप्ते, बारा नंबर म्हटलं की बारा नंबर दे! लक्ष कुठंय? वडापावात?"

मग काटे आले. मार्केट यार्डातून कांदा मोजायचे चार काटे पप्पांनी मागून आणले आणि प्रत्येक चाकाखाली एक ठेवला. एक पाय आखूड असलेला चौरंग कसा डुगडुगतो? तसंच गाडीचं असतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक मिळून जेवढा भार, तेवढाच दुसऱ्या तिरप्या जोडीवर पाहिजे, नाहीतर गाडी एका बाजूला छान वळते आणि दुसऱ्या बाजूला घसरते. आणि हे सगळं जुळवायचं ते ड्रायव्हर आत बसवून.

मी दोन पावलं मागे सरकले. शाळेत वजनं करायची असतील त्या दिवशी माझं हमखास पोट दुखतं.

"बस की! मुहूर्त बघायचाय का?"

बसले. नेमका तेव्हाच शेखर शटरमध्ये उभा. "काका, गाडी मोजताय की पोरगी?"

पप्पा हसले! माझा बाप, शेखरच्या विनोदावर! मी समोर बघत राहिले. पप्पा एकेका स्प्रिंगेखालची रिंग फिरवत गेले, काट्यांवरचे आकडे हलत गेले आणि शेवटी दोन्ही तिरप्या जोड्या सारख्या झाल्या. गाडी माझ्यासकट जुळली. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन बरोबर होतं. मी उतरले ती अंगात वारं शिरल्यासारखी. दुसऱ्या दिवशी वर्गात पहिल्या बाकावर जाऊन बसले, फळा दिसत नाही म्हणून मागचे ओरडले तरी.

शर्यतीच्या रविवारी मी हेल्मेट घालून गाडीपाशी गेले, तर सीटवर दादा.

"तू कशाला?"

"शेखर पोरीबरोबर उतरायला तयार नाही," पप्पा म्हणाले. नजर चाकाकडे. "म्हणतो, जिंकलो तरी माझंच हसं. तो उतरला नाही तर एवढी मेहनत वाया."

"आणि मी?"

"तू पुढच्या वर्षी."

"गाडी माझ्या वजनावर जुळवलीय. हा कालच आलाय, नुसती काडी आहे!"

"ए ढब्बे," दादा आतून म्हणाला, "वजनच पाहिजे तर दुसरं काही ठेवतो."

आणि माझ्या बापाने खरंच ठेवलं! रस्त्याकडेला कांद्याची पिकअप उभी होती. पप्पांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "राजूपेक्षा तू किती जास्त?"

शेखर ऐकत होता. त्याचे मित्र ऐकत होते. मी माइकवाल्यापेक्षा मोठ्याने सांगितलं, "तीस किलो!" त्यात लाजायचं काय? गाडीच्या गणितात तो आकडा आधीच होता.

पप्पांनी तेवढ्या कांद्यांची जाळीची गोणी आणली आणि ड्रायव्हरच्या सीटमागे सुतळीने बांधली. माझ्या जागी कांदे! कुणीतरी ओरडलं, "काका, जरा टवटवीत बघून घ्या!" मी मनातल्या मनात म्हटलं, जाळी धारदार पत्र्याला टेकलीय. म्हटलं, आणि गप्प बसले. का बोलू?

आधी पिवळी गेली. मस्त गेली, खोटं कशाला बोलू. मग दादा. दोन वळणं खरंच सुरेख घेतली. तिसऱ्याला ब्रेक लागला आणि जाळी टर्रकन फाटली. कांदे सीटखालून थेट पेडलकडे! एस्टीम तीन शंकू उडवून फेंगडी उभी राहिली आणि दादा दार उघडून बाहेर पडला. कांदे त्याच्यामागून टपाटप.

"ब्रेकखाली कांदा अडकला! मी नाही बसत परत!"

"गाढवा," पप्पा म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. "गाडी बाजूला घ्या. संपलं."

प्रत्येक गाडीला दोन फेऱ्या होत्या. आमची एक शिल्लक होती. मी आत बसले, कांदे खिडकीतून भिरकावले, एक पप्पांच्या बुटाला लागला. दार आतून लॉक केलं.

"उतर! तृप्ते, उतर खाली!"

झेंडेवाला वाकून म्हणाला, "लायसन्स आहे का?"

"आहे."

"मग जाऊ द्या हो काका, उशीर होतोय."

झेंडा पडला. काय सांगू! स्टिअरिंग हलवायचा अवकाश, गाडी वळलेली. डावीकडे जशी, तशीच उजवीकडे. कलणं नाही, घसरणं नाही, एकेक शंकू आरशाला शिवेल इतक्या जवळून मागे जात होता. मी आत ओरडत होते. काय ते आठवत नाही, पण मम्मीला चाललं नसतं.

माइकवाल्याने आकडा दोनदा तपासून वाचला. शेखरचा कमीत कमी वेळ आणि माझा वेळ अगदी सारखा. पहिला कोण ते ठरवायला दोघांची आणखी एक फेरी.

लोक टाळ्या पिटत होते. पप्पा आता पिकअपवाल्याला, झेंडेवाल्याला, दिसेल त्याला सांगत होते, "बघितलं का माझी गाडी? जुनी आहे म्हणत होते!" गाडी, गाडी, गाडी. आत कोण होतं, ते कुणालाच सांगत नव्हते.

शेखर हातमोजे काढून उभा राहिला. "काका, राजू असेल तर उतरतो. नाहीतर कप ठेवा तुमच्याकडे, मी म्हणेन पोरीला सोडून दिला."

पप्पा माझ्या खिडकीशी आले. मागे दादा, हेल्मेट घालून, परत शूर.

"तृप्ती," एकदम गोड आवाज. "गाडी नीट चालते हे तू दाखवलंस ना? आता दादाला दे. ह्या वेळी गोणी दोन जाळ्यांत बांधू."

मी पप्पांकडे पाहिलं. ते खरंच तसंच म्हणत होते. दोन जाळ्यांत.

"तो उतरला नाही तर मी एकटी जाईन," मी म्हटलं. "उतरला तर दोघं जाऊ. पण ह्या सीटवर मीच."

"बापाला उलट बोलतेस? चारचौघांत?"

"तीस किलो चारचौघांतच विचारलं होतंत."

त्यांनी आत हात घालून दाराचं लॉक चाचपलं. मी काचेचं हँडल फिरवायला लागले. काच हळूहळू वर येत होती, त्यांची बोटं अजून आत होती आणि ते माझ्याकडे बघत होते, ही थांबेल म्हणून.

मी फिरवत राहिले. बोटं त्यांनीच काढली.