बाभळीवरचा टॉवेल

चाचणी चाळीस हजार वेळा पास झाली आणि एकदा नापास झाली.

"पडली का?" आईनं विचारलं. ती साताऱ्याच्या आमच्या स्वयंपाकघरात खाली बसून पावटा सोलत होती, मी टेबलावर लॅपटॉप घेऊन.

"पडली."

"एवढ्या वेळांत एकदा पडली तर काय झालं? दे सोडून."

आईला माझं काम एवढंच ठाऊक, की क्रांती दिवसभर कुणाच्या तरी चुका शोधते. खोटं नाही ते. जगभरचे लोक एका भाषेत प्रोग्राम लिहितात आणि रोज लागणाऱ्या गोष्टी, यादी, रांग, सामान ठेवायची कोठी, भाषेबरोबरच तयार मिळतात. त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. एका प्रोग्राममध्ये एकाच वेळी अनेक थ्रेड राबत असतात, एका रानात अनेक गडी राबावेत तसे. दोघांनी एकदमच एका कोठीत हात घातला तर काय होतं, ते मी तपासते.

दोन महिन्यांपूर्वी कुण्या परक्या देशातल्या माणसानं तक्रार लिहिली होती. कोठीत वस्तू आहे का ते मी तुमच्याच कोठीला विचारून बघितलं, होती. काढायला गेलो तर नव्हती. मी त्याला उत्तर दिलं, 'तुम्ही बघितलं नसणार,' आणि तक्रार बंद केली. त्यानं पुन्हा लिहिलं, 'मी बघितलं होतं.' एवढंच. राग नाही, भांडण नाही.

ते तीन शब्द मला झोंबले. ते मी कुठंतरी ऐकलेले होते.

असली चूक पकडायची एक रीत आहे. कधीतरी घडणारी गोष्ट घडेपर्यंत वाट बघत बसायचं नाही. बघणं आणि करणं यांच्या मधे मुद्दाम थांबा घालायचा. डोळ्यांनी बघून झालं, हात अजून पोचला नाही, तिथं क्षणभर रेंगाळायचं. मी आमच्याच कोडमध्ये तसा थांबा घातला आणि चाचणी लावली.

पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. शंभरातल्या शंभर वेळा.

पहिल्या थ्रेडनं बघितलं तेव्हा वस्तू होती. तो रेंगाळला तेवढ्यात दुसऱ्यानं नेली. दोघंही खरं बोलत होते. मधल्या फटीत जग बदललं होतं, आणि ती फट आम्हीच ठेवलेली होती.

मी लॅपटॉप मिटला. पावट्याच्या शेंगा फुटत होत्या. मला मात्र कृष्णाकाठची बाभळ दिसत होती.

पलूसकडं आमचं रान. आजोबा गेल्यावर माझे वडील नाथाजी आणि त्यांचे धाकटे भाऊ जोतीराम तात्या यांची वाटणी झाली. पाण्याची मोटार नदीवर एकच राहिली. तिचं एक बटण आमच्या कडेला, एक तात्यांच्या. दोन्हींच्या मधे बांधावर बाभळ. रीत अशी, की मोटारीच्या कामाला खाली नदीत उतरणाऱ्यानं खांद्यावरचा टॉवेल बाभळीला बांधायचा, आणि बटण दाबणाऱ्यानं आधी बाभळीकडं बघायचं. बांध उंच, म्हणून ऊस डोक्याच्या वर गेला तरी बाभळीवरचा टॉवेल दोघांना दिसे. आई तेव्हा भांगलताना गायची:

दोघा भावांच्या रानात, एका पाटाचं गं पाणी
वाटणीच्या बांधावर, हिरवळ राजावाणी

बारा वर्षांमागं एका सकाळी लाईट गेलेली होती. वडील टॉवेल बांधून खाली उतरले, वायरीचा जोड हातात धरला. लाईट आली. तात्यांनी बटण दाबलं.

लोक धावले तेव्हा वडील संपले होते, आणि टॉवेल बाभळीवर होता. आईनं स्वतः बघितला. तात्या म्हणत राहिले, "मी बघितलं हुतं, वैनी. झाड मोकळं हुतं." आई म्हणाली, "तुमी बघितलं न्हाई." त्या दिवसापासून आम्ही त्यांच्याशी बोललो नाही, आणि आई गायली नाही.

मधे किती वेळ गेला, हे तात्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी एस्टीनं निघाले. कुठं ते आईला सांगितलं. तिनं अडवलं नाही, डबाही दिला नाही.

तात्या घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते. वाळून काटकी झालेले. डोक्याला टोपी होती, पण खांदा उघडा. एके काळी टॉवेलाशिवाय कधी न दिसणारा माणूस.

"नाथादादाची क्रांती न्हवं का तू?"

"व्हय, तात्या."

"बस की. उभी का? तुजी काकू असती तर च्या केला असता. माज्या हातचा च्या पिऊन लोक परत येत न्हाईत."

मी हसले, आणि तेवढ्यानंच डोळे भरले. म्हणून पटकन विचारून टाकलं.

"तात्या, त्या दिवशी तुम्ही झाडाकडं बघितलं आणि बटण दाबलं. मधे काय केलंत?"

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

"लाईट न्हवती. झाड मोकळं बघितलं आन् बसलो बांधाला पाठ टेकून. तंबाखू मळली. चुना जरा वाळल्याला हुता, थुका लावून वला केला. लाईट आली तशी उठलो." मग म्हणाले, "पुन्यांदा बघितलं न्हाई. आत्ताच तर बघितलं, असं वाटलं."

मी सांगितलं त्यांना. थ्रेड नाही म्हटलं, दोन गडी म्हटलं. एकानं बघितलं, दुसरा तेवढ्यात आला, कुणी खोटं बोललं नाही. "आमच्या कामात हे रोज घडतंय, तात्या. शहाण्या शहाण्या माणसांच्या हातनं. तुम्ही बघितलं होतं. झाड मोकळंच होतं."

बारा वर्षं हे ऐकायला थांबलेला माणूस रडेल असं मला वाटलं होतं. तात्या म्हणाले, "मग चूक कुणाची?"

"रीतीची."

"कसं करता मग तुमी? नीट कसं करता?"

मी न विचार करता बोलून गेले. कामाचं कुणी विचारलं की मी अशीच बोलते. "नुसतं बघायचं नाही. दोघांत टॉवेल एकच ठेवायचा. ज्याच्या हातात तो, त्यानंच खाली उतरायचं नाहीतर बटण दाबायचं. दुसऱ्याला मिळालाच नाही म्हणजे त्यानं थांबायचं."

तात्यांचा हात उघड्या खांद्यावर गेला आणि तिथंच राहिला.

"दादा हेच म्हणला हुता," ते म्हणाले. "वाटणी झाली त्या दिवशी. एकच टॉवेल ठिवू, जोतीराम. मीच म्हणलो, भांडीकुंडी वाटली, बैलं वाटली, आता टॉवेल तरी कशाला सामाईक? ज्याचा त्याचा असू दे. ती रीत मी घातल्याली, पोरी."

मी त्यांच्यावरचा एक दगड उचलायला गेले आणि खालचा मोठा उघडा पडला.

मग तेच म्हणाले, "वैनीला यातलं काय सांगू नगंस."

"तुम्ही खरं बोलत होता हे तरी सांगू द्या."

"नगं. तिला राग धराया माणूस लागतंय. रीतीवर कुणी राग धरतंय व्हय? ऱ्हाऊ दे माज्यावर. मला सवय झालीया."

निघताना मी वाकून नमस्कार केला. त्यांचा हात माझ्या डोक्यावर टेकला, हलकेच.

येताना एस्टीतच मी त्या परक्या माणसाला लिहिलं: 'तुम्ही बघितलं होतं. मी विश्वास ठेवला नाही, माफ करा. चूक आमची आहे, दुरुस्त करते.' त्याला लिहिणं सोपं होतं.

घरी आले तेव्हा आई पुन्हा पावट्यालाच बसलेली. मी शेजारी बसून दोन शेंगा हातात घेतल्या.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, मी बघितलं होतं."

"अजून तेच."

मी एक शेंग सोलली, दुसरी सोलली. मग आईनं, माझ्याकडं न बघता, विचारलं, "खांद्यावर टॉवेल घेतो का त्यो आता?"

"न्हाई. खांदा उघडाच असतो."

आईच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली.