सर्व्हरची दुपारची झोप

सांतियागो देल एस्तेरोच्या रेडिओ केंद्रातली सगळी जुनी गाणी नेटवर्कवरच्या एका सर्व्हरवर होती. महिनाभर त्यांचा बॅकअप काही पुरा होईना. "नवा सर्व्हर घ्या," राजधानीतून निरोप आला. केंद्राची तंत्रज्ञ एर्मेलिंदा भडकलीच. तो सर्व्हर तिनं स्वतःच्या हातांनी बसवला होता.

"खोट यंत्रात नाही," ती संचालक पालाव्हेसिनोंना म्हणाली. "कुठली फाइल बदलली ते टिपत राहणारा एक प्रोग्राम आहे. तो मध्येच बंद पडला की त्याची नोंद बाद. मग बॅकअपला सगळ्या फाइली पहिल्यापासून तपासाव्या लागतात. आणि तो रोज दुपारीच बंद पडतो!"

संचालक ओशाळले. "अगं, दुपारी सगळं गाव झोपतं. हा असा उकाडा! यंत्रालाही विसावा नको? मीच बटण बंद करतो."

"वा साहेब! राखणदाराला तुम्हीच झोपवायचं आणि खडे फोडायचे माझ्या सर्व्हरच्या नावानं?"

त्या दिवशी बटणाला कुणी हात लावला नाही. संध्याकाळी येर्बाच्या चहाचा पेला सगळ्यांत फिरून परत यायच्या आत बॅकअप पुरा झाला.

राजधानीतून फोन आला. "कुठला सर्व्हर घेतलात?"

"तोच आहे," एर्मेलिंदा मान ताठ करून म्हणाली. "अख्ख्या गावात दुपारी जागा राहणारा तेवढा एकटाच."