काकांच्या साक्षीची मुदत

सुप्रभा पोंक्षे लंडनजवळच्या पिनरच्या हाय स्ट्रीटवर पडल्या, तेव्हा त्यांचे यजमान ज्ञानेश्वर भाजीची पिशवी घेऊन चार पावलं मागून येत होते. एका दुकानाच्या दर्शनी भागाचं काम चाललं होतं, परांची बांधलेली होती आणि तिथली एक फळी फुटपाथवर आडवी पडली होती. सुप्रभाताईंचा पाय अडकला आणि खुब्याचं हाड मोडलं. बिल्डरचं म्हणणं, भोवती बॅरियर होता, बाईच तो ओलांडून आत आल्या. जवळ दुसरं कोणीच नव्हतं. जे पाहिलं ते ज्ञानेश्वरांनी.

दावा दाखल झाला तो स्वरालीमार्फत. स्वराली हॅरोमधली तरुण सॉलिसिटर, तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली. कोर्टाने दोन्ही बाजूंना साक्षीदारांची स्टेटमेंट्स द्यायला फेब्रुवारीअखेरची मुदत दिली होती. काम सोपं होतं. एका दुपारी बसायचं, ज्ञानेश्वरकाका सांगतील ते लिहून घ्यायचं.

पण २००७च्या जानेवारीत काकांना स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. इतकी वर्षं रेल्वेत इंजिनिअर म्हणून फाडफाड इंग्रजी बोललेला माणूस, पण आता पाणी हवं असलं तरी ‘खिडकी’ म्हणायचा आणि चुकलं हे कळून डोळे मिटून घ्यायचा.

सुप्रभाताई काठी टेकत स्वरालीच्या ऑफिसात आल्या. “केस मागे घे गं. माझा पाय बरा आहे आता. ह्यांना कशाला छळायचं?”

“काकू, काकांना विचारलंत?”

“विचारून काय, उत्तर कसं देतील ते?”

“तरी विचारा.”

त्यांनी विचारलं. काकांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली आणि जोरजोरात मान हलवली. नाही म्हणजे नाही.

स्वरालीने बिल्डरच्या वकिलांना फोन केला. हार्टली नावाचे वयस्क गृहस्थ होते. त्यांनी ऐकून घेतलं, आपल्या वडिलांचंही असंच झालं होतं म्हणाले आणि एप्रिलअखेरपर्यंत मुदत वाढवायला संमती दिली. तसा हुकूम झाला.

एप्रिल उजाडला तरी काकांची गाडी दोन-तीन शब्दांपुढे सरकेना. आता मात्र बिल्डर अडला. हार्टलींनी ओशाळूनच कळवलं, “आणखी मुदतीला माझा अशील तयार नाही. मला विरोध करावा लागेल.” सुनावणीची तारीख लागली. आदल्या दिवशी स्वराली काकांकडे गेली. उद्या जजला सांगण्यासारखं काहीतरी हाती लागावं, एवढीच तिची आशा होती.

तिचं मराठी घरापुरतं. पण स्पीच थेरपिस्ट म्हणाली होती की काकांचं इंग्रजी मागे राहिलंय, मराठी आधी परत येईल. तेव्हा स्वरालीने धीर करून मराठीतच विचारलं, “काका, ती फळी कुठे होता?”

काकांच्या कपाळाला आठी पडली. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

“होती,” ते म्हणाले.

“काय?”

“फळी... होती. होता... नाही.”

सुप्रभाताईंनी हातातला चहा खाली ठेवला. “अगं, तुझं चुकलेलं दुरुस्त केलं त्यांनी!” त्या हसत होत्या आणि पदराने डोळेही पुसत होत्या. स्वरालीने मग मुद्दाम नव्हे, सवयीनेच आणखी दोन चुका केल्या, आणि काकांनी त्या दोन्ही पकडल्या.

दुसऱ्या दिवशी जजनी विचारलं, “हा गृहस्थ जुलैपर्यंत साक्ष देऊ शकेल, याची खात्री आहे तुम्हाला?”

“खात्री नाही,” स्वराली म्हणाली. “पण काल त्यांनी माझं व्याकरण सुधारलं. तीन वेळा.”

हार्टलींनी विरोध नोंदवला, पण दोन वाक्यांत, आणि खाली बसले. जजनी जुलैअखेरची मुदत दिली. स्टेटमेंट मराठीत घ्या, सोबत अनुवाद जोडा आणि यापुढे एक दिवसही मिळणार नाही, असं बजावलं.

तो सगळा उन्हाळा काका एकाच गोष्टीला भिडले. सकाळी बागेत खुर्ची टाकून एकेक वाक्य उभं करायचे. कधी ‘बॅरियर’ला ‘बिस्कीट’ म्हणायचे आणि स्वतःवरच चिडायचे. स्वराली आठवड्यातून एकदा यायची आणि त्यांच्या तोंडून आलेले शब्दच लिहून घ्यायची, स्वतःचा एकही घालायची नाही.

शेवटी झालं ते इतकंच: फळी वाटेत होती. बॅरियर नव्हता. बॅरियर बिल्डरच्या गाडीत होता, मी बघितला. सुप्रभा पडली. माझ्याकडे बघून हसली.

“अहो, हसले कुठे? कळवळत होते मी!” सुप्रभाताई म्हणाल्या.

“हसली.”

“स्वराली, खोड ते. कोर्टात कसं दिसेल?”

“नाही काकू. त्यांनी बघितलेलं आहे, ते राहणार.”

सुप्रभाताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, “हे घाबरून जातील म्हणून असेन हसले. मला आठवत नाही.” काकांनी डाव्या हाताने, वाकडीतिकडी का होईना, सही केली.

स्टेटमेंट गेलं आणि सप्टेंबरात बिल्डरने चूक कबूल केली. त्या दिवशी गाडीत बॅरियर होता हे त्याच्याच एका कामगाराने मान्य केलं होतं. खटला उभा राहणार नव्हता. स्वराली ही बातमी घेऊन आनंदाने गेली, पण काकांचा चेहरा उतरला.

“कोर्ट... नाही?”

“नाही काका. जिंकलो आपण.”

“मी... बोलणार होतो.”

सुप्रभाताईंनी विचारलं, “लेस्टरला राजीवभावोजींकडे जायचं का हो? सगळे जमतील तिथे. बोला की त्यांच्यापुढे.”

ते गेले. धाकट्या भावाच्या घरी जेवणाच्या टेबलाभोवती माणसं दाटीवाटीने बसली होती. काकांनी सुरुवात केली. एकेका शब्दाला वेळ लागत होता, आमटी निवत होती, पण कोणी चमचा उचलला नाही. सुप्रभाताई शेजारी बसून ऐकत होत्या, जणू हे सगळं दुसऱ्याच कोणा बाईच्या बाबतीत घडलं होतं आणि पुढे काय झालं ते त्यांना ठाऊकच नव्हतं.