पाच जणांच्या मापाचा बाक

मी एक बाक बोलतोय. शाळेतला नाही, दवाखान्यातलाही नाही. तलावाकाठच्या एका गावात मच्छीमार सहकारी संस्थेची कचेरी आहे, तिच्या संचालक मंडळाच्या बुडाखालचा मी बाक. हसू नका. गावाच्या पोटापाण्याचे सगळे निर्णय माझ्यावर बसूनच झालेत. त्यातला एक मला अजून आतून खातो आहे, म्हणून तर तोंड उघडलं.

मी आलापल्लीच्या रानातला साग. तिथून तोडून, बैलगाडीत घालून मला सिंदेवाहीकडे आणलं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, तलाव सरकारजमा झाला होता आणि गावच्या ढिवरांनी, म्हणजे मासे मारणाऱ्या जातीने, मिळून संस्था काढली होती. पोचू सुताराने पाचही संचालकांना जमिनीवर खेटून बसवलं, दोरीने माप घेतलं आणि तेवढ्या लांबीची एकच अखंड फळी काढली.

"जोड नाई देल्ला कुठी," तो माझ्यावर हात फिरवत म्हणाला. "नातवाच्या नातवालेबी पुरन."

मला त्याचा केवढा तोरा होता. त्या मापात पाच पुरुष बसवले होते, बाई कुणी बसवून पाहिलीच नव्हती, हे तेव्हा माझ्याही डोक्यात आलं नाही. लाकडाला डोकं असतं कुठे म्हणा. पण ज्यांना होतं त्यांच्याही आलं नाही.

मधली जागा अध्यक्षांची. तिथे बापूजी बसत. म्हातारा भला माणूस, पण कुणाचं मन दुखवायची वेळ आली की त्याला हटकून खोकला यायचा. त्यांच्या डावीकडे लटारू. उंच, कमी बोलणारा, जातपंचायतीत वजन असलेला. मग पत्रू आणि मुखरू. पाचवी जागा झिंगूची, लटारूच्या धाकट्या भावाची. तो तापाने गेला आणि त्याचा भाग त्याच्या बायकोच्या नावावर आला. ती सुगंधाबाई.

पुरुष जाळं टाकत आणि बाया मासोळी विकत. टोपलं डोक्यावर घेऊन रानातून बाजाराला जायचं, कुठल्या गावात मरळ खपते, कुठे झिंगे, हे बायांनाच ठाऊक. सुगंधाबाईला तर सगळ्यात जास्त. दोन वर्षं ती घरोघर फिरली आणि सदतीस बायांना तिने संस्थेचं सभासद करून घेतलं. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या साली वार्षिक सभा भरली. काकणांचे सदतीस हात वर झाले आणि सुगंधाबाई संचालक झाली.

मला वाटलं, आता ती येऊन बसेल. ती आली आणि दाराजवळ, भुईवर, पाठ करून बसली.

कारण लटारू तिचा भासरा. नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे भावसुनेने भासऱ्याला तोंड दाखवायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही. तो ज्या खाटेवर बसला त्या खाटेला हातही लावायचा नाही. एका लाकडावर दोघं बसली तर ती शिवाशिवच. आणि मी तर एकच लाकूड, अखंड.

भासऱ्याला काही सांगायचंच असलं तर बाई खांबाला सांगते, चुलीला सांगते. सुगंधाबाई मला सांगू लागली. लटारूचं नाव टाळायला ती त्याला आपल्या लेकीचा, प्रेमिलाचा मोठाबाबा म्हणायची.

"बाका, प्रेमिलाच्या मोठ्याबाबाले सांग. नागपूरचा ठेकेदार बर्फाच्या पेट्या घेऊन येऊन राह्यला. त्याले तलाव देल्ला त सारी मासोळी टरकात जाईन. मंग बाया बाजारात काय नेतीन?"

लटारू छताच्या वाशांकडे बघत म्हणायचा, "बाका, सांगून दे. ठेकेदार पक्का मानूस हाये. बायांनं घर पाहाव."

चिटणीस लेखणी थांबवून विचारायचा, "हे लिहू का? बाकाले बोललेलं इतिवृत्तात कसं लिहाव?" बापूजींना खोकला यायचा. आणि काही लिहिलं जात नसे. वर्षभर तिचं सगळं शहाणपण माझ्या अंगात मुरत गेलं, कागदावर एक ओळ आली नाही. मला वाचा असती तर, हा विचार करून करून मी तडकायचा बाकी राहिलो होतो.

मग बापूजींची नजर गेली. संचालक राहतो, पण अध्यक्षपद सोडतो, असं ते म्हणाले. ठेकेदाराचा करार तोंडावर होता. पुढचा अध्यक्ष लटारू झाला तर तलाव गेला, सुगंधाबाई झाली तर राहिला, इतकं ते सरळ होतं. ती बापूजींच्या घरी गेली, मुखरूच्या घरी गेली. दोघांनी शब्द दिला.

निवडणूक घ्यायला चांद्याहून सहकार खात्याचे साहेब आले. कचेरीतल्या एकुलत्या खुर्चीवर बसले. लटारूला दोन मतं पडली, त्याचं स्वतःचं आणि पत्रूचं. सुगंधाबाईला तीन. बाहेर उभ्या असलेल्या बाया काही ओरडल्या नाहीत, पण त्यांची काकणं वाजली ती मी ऐकली.

"अध्यक्षांनी आपल्या जागी बसून सही करावी," साहेब म्हणाले.

बापूजी मधून सरकले. जागा मोकळी झाली. लटारू मात्र जागचा हलला नाही. भांडला नाही, चिडला नाही. हात गुडघ्यावर ठेवून तो नुसता बसून राहिला. मला तेव्हा कळलं की बसून राहणं हेही माणसाचं हत्यार असतं.

साहेबांना अडचण समजली तेव्हा ते आपली खुर्ची द्यायला उठले. सुगंधाबाईने मान हलवली.

"बाजूले खुर्चीवर बसली त मी पाहुनी ठरन, साहेब. अध्यक्ष मंधात बसते. मी पोचूभाऊले संग आनलं हाये." दारात पोचू करवत घेऊन उभा होता. "बाकाचे दोन तुकडे करू द्या. लाकूड आलग झालं का शिवाशिव नाई. त्याइचाबी मान राहीन, माझीबी जागा राहीन."

बाप रे, काय बाई होती. कापा, मी मनात म्हणत होतो. आताच्या आता कापा. ज्या अखंडपणाचा मला तोरा होता त्याची मला शिसारी आली होती. पोचूच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याने करवत टेकवली.

"थांबा," साहेब म्हणाले. "संस्थेची मालमत्ता ठरावाशिवाय तोडता येत नाही. ठरावाला अध्यक्षांची सही लागते. आणि अध्यक्ष अजून जागेवर बसलेले नाहीत." ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त नियम पाठ होते.

सुगंधाबाईने डोक्यावरचा पदर घट्ट ओढला, ती चार पावलं चालली आणि माझ्या मधोमध बसली.

माझ्यावर आजवर बसलेलं ते सगळ्यात हलकं ओझं. लटारू उठला, बाहेर गेला आणि धोतरासकट तलावात बुडी मारून आला. ते साऱ्या गावाने पाहिलं.

चार दिवसांत जातपंचायत बसली. सुगंधाबाई जातीबाहेर. तिच्या हातचं पाणी नाही, तिच्या पंगतीला बसणं नाही, तिच्या बाकावर तर नाहीच नाही. प्रेमिलाची ठरलेली सोयरीक मोडली.

आता करार नाकारण्याचा ठराव तेवढा हवा होता. पाचांतले तिघे हजर असले की सभा होते. सुगंधाबाई, बापूजी, मुखरू. पहिल्या सभेला ती एकटी आली. मधोमध बसली, दुपार होईपर्यंत दाराकडे बघत राहिली आणि उठून गेली. दुसऱ्या सभेलाही तेच. ज्यांनी तिला मत दिलं त्यांना तिच्याशेजारी बसायचं नव्हतं. मत द्यायला हात लागतो, बसायला अख्खा माणूस लागतो. आणि लागोपाठ तीन सभा झाल्या नाहीत तर मंडळ बरखास्त, असं चांद्याहून पत्र आलं होतं.

तिसऱ्या सभेला मुखरू आला. उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला.

"मुखरूभाऊ, एक पाय आत टाका," ती म्हणाली. "तुमी आले त बापूजी येतीन. तेवढ्यानं सभा होते."

"बाई, मले सारं समजते. पन माझ्या घरी दोन पोरी हायेत लग्नाच्या."

"माझ्या घरी नाई का, भाऊ?"

बाहेर उन्हात सदतीस बाया उभ्या होत्या. त्या धावत आत आल्या असत्या, पण त्या संचालक नव्हत्या. सदतीसच काय, सातशे असत्या तरी सभा झाली नसती. मुखरू वळला आणि बायांच्या मधून वाट काढत निघून गेला. सुगंधाबाईने तळहात माझ्या फळीवर टेकवला. "बाका, आता कोनाले सांगू?" एवढंच म्हणाली.

मंडळ बरखास्त झालं. नवं मंडळ आलं, पाच पुरुषांचं, अध्यक्ष लटारू. तलाव तीन सालांसाठी ठेकेदाराला गेला. मासोळी बर्फात झोपून नागपूरला जाते. टोपली अडगळीत पडली आणि बाया सडकेची गिट्टी फोडायला गेल्या. सुगंधाबाई प्रेमिलाला घेऊन बल्लारपूरकडे गेली म्हणतात. मी पाहिलं नाही, मला पाय आहेत ते उभं राहण्यापुरते.

मी अजून कचेरीतच आहे. नव्या मंडळाने माझ्यावर गोमूत्र शिंपडलं, तरी मधल्या जागेवर कुणी बसत नाही. पाचही जण दोन टोकांना दाटीवाटीने बसतात. अध्यक्ष लटारू तर अर्धा माझ्यावर आणि अर्धा हवेत असतो. त्यांना वाटतं ती जागा बाटली. मला ती राखलेली वाटते.

बायांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या निवडून आलीच, तर हा बाक तुमची वाट बघतो आहे. मला कापायची गरज नाही, मला धुवायचीही नाही. फक्त माझं एक ऐका, मी डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून हात जोडून सांगतो. एकटी येऊ नका. माझ्यावर पाच जणींची जागा आहे, पण पाच नाही जमल्या तर निदान तिघी या. तिघींनी सभा होते.