एकदाच होणारा खर्च

अमेरिकेतल्या रेसीन गावच्या ओव्हन कारखान्यात तिमाहीचा शेवटचा मंगळवार म्हणजे ग्रॅहमचा दिवस. नव्या मालकांचा हा माणूस शिकागोहून येताना वाटेत क्रिंगल या गोड पावाचा डबा घेऊन यायचा आणि हिशेबनीस मार्लिस ड्वोराकची सही घेऊन जायचा.

"नवा चष्मा? शोभतो हं तुम्हाला."

"जुनाच आहे. पुसलाय."

चार वर्षांपूर्वी या मालकांनी कारखाना घेतला तो एका खासगी फंडाकडून कर्ज काढून, आणि ते कर्ज ठेवलं कारखान्याच्याच डोक्यावर. दर चढले तसं सहा टक्के व्याज अकरावर गेलं. भरणं जमेना, तेव्हा ते मुद्दलात मिसळायचं ठरलं. फंडाने न मिळालेलं व्याज मिळकतीत दाखवलं. सभ्य माणसांत याला समजूतदारपणा म्हणतात.

अट एकच: नफा ठरलेल्या रेषेच्या वर दिसला पाहिजे. म्हणून 'पुन्हा न होणारे' खर्च नफ्यात परत जोडायचे आणि मार्लिसने सही करून ते खरं आहे म्हणायचं. जानेवारीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसची संरक्षक जाळी तपासणाऱ्या दोघांना काढलं, त्यांचा पगार 'बचत' झाला. त्याखालीही तिचीच सही होती.

आज नवी ओळ होती: एकदाच झालेला खर्च, व्हर्नन टेस्के, प्रेस विभाग, अपघात भरपाई.

"ही व्हर्नची बोटं ना?"

"वाईट झालं. पण असं रोज थोडंच होतं?"

"मार्चमध्ये लुपे, मेमध्ये ओटो. तेही 'एकदाच' म्हणूनच लिहिलं होतं आपण."

"प्रत्येकाला एकदाच झालंय ना," ग्रॅहम हसला आणि क्रिंगलचा तुकडा तोडला.

रविवारी मार्लिस व्हर्नकडे गेली होती. बायको त्याच्या शर्टाची बटणं लावत होती आणि तो भिंतीकडे बघत होता. आता त्या बोटांचा नफा झाला होता.

"मी सही करणार नाही."

"मग फंड कारखाना ताब्यात घेईल. दोनशे माणसं घरी बसतील, तुमच्यामुळे."

"दोनशेतली दहा नावं सांगा बघू."

"व्हर्न," ग्रॅहम म्हणाला आणि थांबला.

मार्लिसने त्या ओळीवर काट मारली. शेजारी लिहिलं: 'जाळी तपासायला माणूस नाही. हा खर्च पुन्हा होईल.' त्याखाली मात्र सही केली आणि प्रत सरळ फंडाला पाठवली.

दुपारी तिचा पासवर्ड बंद झाला. तिचा शेरा गाळून नव्याने छापलेला कागद तिच्या हाताखालच्या जोनपुढे आला. जोनने तो दोनदा वाचला, मार्लिसचं वाक्य जसंच्या तसं पुन्हा लिहिलं आणि खाली आपलं नाव घातलं.

कारखान्याचं पुढे काय होईल, मला ठाऊक नाही. फंडातला पैसा मात्र शिक्षकांच्या, नर्सांच्या पेन्शनचा आहे, हे ठाऊक आहे. त्या भल्या माणसांना वर्षाकाठी गुळगुळीत कागदावर अहवाल येतो. त्यात हे कर्ज ठणठणीत असतं. तसा एखादा अहवाल तुमच्याही घरी आला, तर कशाच्या जिवावर ठणठणीत, एवढं तरी विचारा.