गरम कोटाचा पितळी बिल्ला

मला पाहून, मित्रांनो, तुम्हाला वाटेल हे एखाद्या मोडक्या कुलपाचे झाकण असावे. तसे नाही. मी कोटाचा बिल्ला आहे. गोल, पितळी, वर दोरीसाठी भोक आणि पोटावर ठोकलेला आकडा, एक्केचाळीस.

आमच्या पोलंडात हिवाळा आला की माणसापेक्षा त्याचा कोट मोठा होतो. तो घालून आत बसणे म्हणजे अडाणीपणाची हद्द. म्हणून नाटकघर असो की कॉलेज, दाराशी कोटांची खोली असतेच. फळीवर कोट द्यायचा, बिल्ला घ्यायचा. जाताना बिल्ला द्यायचा, कोट घ्यायचा. मधल्या वेळात तुमचा कोट म्हणजे मी.

दारांच्या मुठी ओतणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझी भावंडे आणि मी तिथून थेट गावातल्या नाटकघरात गेलो. ते दिवस काय सांगू! फरचे कोट, अत्तराचे हात, मखमली बटवे. "काय वजनदार बिल्ला आहे हो!" असे म्हणत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला तळहातावर तोलले होते आणि मग सगळे नाटक मुठीत धरून झोप काढली होती. मला त्याचा राग नव्हता. मूठ छान ऊबदार होती.

पुढे नाटकघर बंद पडले. खुंट्या, फळी आणि आम्ही, सगळे मिळून गावच्या कॉलेजाने विकत घेतले. पण कॉलेजाकडे आधीचे ॲल्युमिनियमचे बिल्ले होते. हलके, मळकट, पडले तर धड आवाजही न करणारे. काम त्यांना मिळाले आणि आम्ही बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलो. किती वर्षे, ते मोजायला डब्यात उजेड नव्हता.

आम्हाला बाहेर काढले ते गेनाबाईंनी.

गेनाबाई म्हणजे कोटांच्या खोलीतल्या बाई. पूर्ण नाव गेनोवेफा, पण ते उच्चारायला कुणाला वेळ नसे. अंगात निळा डगला, पायात लोकरी सपाता. कोट घालून कुणी पुढे सरकले की त्या फळीवर थाप मारत, "काय हो, स्टेशनवर आलात का? कोट!" कॉलेजचे रेक्टर म्हणजे सगळ्यांत मोठे साहेब. त्यांनाही गेनाबाईंनी एकदा अर्ध्या जिन्यावरून परत बोलावले होते. त्यांच्याकडून अपवाद म्हणून कुणी सुटले नाही.

त्या वर्षी कॉलेजात एक नवी खोली सुरू झाली. आमच्या समोरून जो बोळ जातो, त्याच्या टोकाला. दारावर पाटी होती, 'विश्वासाची व्यक्ती'. कॉलेजात कुणी कुणाच्या अंगाला नको तसा हात लावला, नको ते बोलले, धाक घालून गप्प बसवले, तर तिथे जाऊन सांगायचे. आत लिदिया व्रोना नावाच्या बाई बसत. ऐकून घेणे हे त्यांचे पहिले काम. मग लागेल तसे मनाचे डॉक्टर, वकील, तक्रार. आणि तक्रार नको असेल तर नुसते बोलणे, तेही चालत असे.

पहिल्याच आठवड्यात एक मुलगी त्या खोलीतून रडून बाहेर आली आणि कोटासाठी धटिंगण पोरांच्या रांगेत मागे उभी राहिली. गेनाबाईंना ते पाहवले नाही. त्यांनी भिंतीतल्या गरम नळांजवळची खुंट्यांची ओळ रिकामी केली.

"तिकडं जाणाऱ्या लेकरांचे कोट इथं लावायचे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रडून आलेल्या पोरीच्या पाठीवर निदान ऊनऊन कोट तरी पडावा."

त्या ओळीसाठी त्यांनी आम्हाला डब्यातून काढले. मीठ आणि व्हिनेगर लावून असे घासले की आमच्यात त्यांचे नाक दिसू लागले. त्या माउलीला वाटले, दुखावलेल्या पोरीच्या हातात काहीतरी देखणे पडावे. आणि रांगेत तिष्ठायला लागू नये म्हणून त्या गर्दीवरून पुकारत, "पितळी बिल्लेवाल्यांनी पुढं यावं! त्यांना वाट द्या!"

गेनाबाईंना थोडे कमी ऐकू येते. त्यांचे कुजबुजणे म्हणजे इतरांची हाक. मग पुकारणे कसले असेल, ते तुम्हीच समजा.

मला काय कळत होते? मी खूश. पुन्हा माणसाच्या मुठीत बसायला मिळाले, यातच मी हुरळून गेलो. मुठी घट्ट आवळलेल्या असत, घामाने ओल्या असत. मला वाटे, वा, किती जपून धरतात आपल्याला.

मग एक दिवस चहाच्या यंत्रापाशी उभ्या पोरांचे बोलणे कानावर आले. वित नावाचा एक लांबुळका पोरगा होता. बोळातून जाणाऱ्या मुलीच्या हातात मी चमकलो, तसा तो मित्राला म्हणाला, "ते बघ, आज हिला सोनं लागलं!"

"कुणी दिलं म्हणे?"

"दिलं कुणी नाही, हीच मागायला गेली असेल!"

म्हणजे जे झाले ते तिनेच ओढवून घेतले, असे सुचवणे. आणि हशा. त्यांच्यात दोन मुलीही होत्या. हसल्या त्याही.

त्या दिवसापासून कॉलेजात आमचे नाव 'सोनं' पडले. मित्रांनो, पितळेला कुणी सोने म्हणावे, यापरता मोठा मान तो कोणता? आणि मला मात्र वाटले, वितळून जावे. ज्या हाताला लपायचे होते, त्याच हातात मी दिव्यासारखा लखलखत होतो. मुठी मला जपत नव्हत्या, मला झाकत होत्या. ते कळल्यावर मी स्वतःला काळे पाडायचा पुष्कळ प्रयत्न केला. पण दर शुक्रवारी मीठ आणि व्हिनेगर होतेच.

हळूहळू आमची ओळ रिकामी राहू लागली. गरम नळ नुसत्या भिंतीला शेकत बसले. गेनाबाई समाधानाने म्हणाल्या, "कुणी येईना झालं. चला, कॉलेज सुधारलं म्हणायचं!" मला जीभ असती तर, मित्रांनो, मी त्या वेळी ती चावली असती.

आता यागोदाचे सांगतो.

कडाक्याच्या थंडीत एका सकाळी दोन मुली फळीशी आल्या. एक यागोदा, वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची. आईचा शेवाळी रंगाचा कोट कापून बेतलेला, तो अंगात. दुसरी तिच्या खोलीत राहणारी किंगा. तोंडात खसखशीचा पाव, त्यामुळे निम्मे शब्द पावातच.

"आत जाऊन बस तरी," किंगा म्हणत होती. "बोलली नाहीस तरी व्रोनाबाई चावत नाहीत. ओल्गिएर्द सरांऐवजी दुसरा मार्गदर्शक मिळतो, मी विचारून ठेवलंय. त्यांच्या तोंडापुढं उभंसुद्धा राहावं लागत नाही."

"आणि खोटारडी म्हणाले तर?"

"कोण, व्रोनाबाई? त्यांचं कामच आहे ते ऐकायचं."

"आज जमलं तर जमलं," यागोदा कोटाची बटणे काढत पुटपुटली. "नाहीतर दुपारच्या बसनं मी आईकडे चालले. पदवी गेली खड्ड्यात. त्या माणसानं पुन्हा दार लावून घेतलं ना, तर मी... नाही, किंगा. पुन्हा त्या खोलीत मी जाणार नाही."

"म्हणून तर म्हणते, इकडच्या खोलीत जा. मी वर पुस्तकं परत करून येते. बाहेर आलीस की गरम सूप पाजते. बीटाचं. माझ्या पैशांनी, बघ, म्हणजे किती गंभीर मामला आहे!"

यागोदा जेमतेम हसली. किंगा आपला कोट देऊन जिना चढून गेली. कोट फळीवर ठेवताना यागोदाची नजर बोळाच्या टोकाला होती. गेनाबाईंनी ती ओळखली.

"शेवटच्या खोलीत का, पोरी?" त्या मायेने कुजबुजल्या. रांगेतल्या सगळ्यांनी माना वळवल्या.

आणि तिच्या तळहातावर त्यांनी मला ठेवले.

तो हात बर्फासारखा होता. त्याने मला लगेच झाकले, पण दोरी बोटांतून लोंबत राहिली. चहाच्या यंत्रापाशी वित होताच. "अरे, आज वनस्पतीवाल्यांना पण सोनं!" तो म्हणाला. फार मोठ्याने नाही. पण ऐकू जाईल इतपत.

यागोदा चालत राहिली. पाटीपर्यंत गेली. दाराच्या मुठीवर हात टेकला आणि त्याच हातात मी होतो. धातूवर धातू खणकन वाजला. ती दचकली. मागे कुणीतरी फिसकन हसले. तिने हात काढून घेतला, बाजूच्या दाराने अंगणात उतरली आणि बर्फातून बस थांब्याकडे चालू लागली. अंगात एक पातळ स्वेटर. कोट गरम नळांशी शेकत होता. तो परत घ्यायचा तर मला घेऊन त्या फळीशी पुन्हा उभे राहावे लागले असते, गेनाबाईंची ती आरोळी ऐकावी लागली असती. त्यापेक्षा तिने थंडी पत्करली.

मी तिच्या मुठीत गोठत होतो. मित्रांनो, पितळ फार लवकर गार पडते आणि धरणाऱ्याचीही ऊब खाते. मी तिच्या हातची उरलीसुरली ऊबही खात होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

वरच्या खिडकीतून किंगाने तिला पाहिले असावे. आपला कोट घाईने सोडवून घेऊन ती धापा टाकत थांब्यावर आली. "वेडी झालीस का? मरशील! कोट कुठाय?"

यागोदाने मूठ उघडून मला दाखवले. "हे घेऊन मी परत त्यांच्यासमोर उभी राहणार नाही."

किंगाने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिले. मग स्वतःचा कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. "आण इकडं. मी जाते. आणि बस आली तरी बसू नकोस. माझा कोट घेऊन पळालीस तर पोलिसांत देईन."

गेनाबाईंनी किंगाच्या हातात मला पाहिले आणि त्यांचा चेहरा कळवळला. "तू पण का गं, बाळा? थांब, ऊनऊन कोट देते. वाट द्या रे, पितळी बिल्ला आलाय!"

"ओरडू नका!" किंगा ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "गेनाबाई, या बिल्ल्याला पोरं काय म्हणतात, माहितीये?"

"काय म्हणतात?"

"सोनं. सोनं लागलं म्हणतात. हा हातात दिसला की अख्ख्या कॉलेजला कळतं कोण कुठं चाललंय ते. म्हणून कुणी येत नाही तुमच्या ओळीला. यागोदा बाहेर बर्फात उभीये, बसची वाट बघत. शिक्षण सोडून घरी चाललीये. पण तुमच्यापुढं यायला तयार नाही."

गेनाबाईंनी फळीचा काठ धरला. "मी तर... लेकरांना बरं वाटावं म्हणून... घासून..."

"माहितीये हो. तेच तर."

त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग मानेपासून लाल होत गेला. मला वाटत होते की लाज फक्त मलाच येते. त्या दोन क्षणांत आम्ही दोघे भागीदार झालो. त्यांनी मला उचलून डगल्याच्या खिशात टाकले. शेवाळी कोट खुंटीवरून काढला, छातीशी धरला आणि फळीखालून वाकून बाहेर आल्या. रांग बघत राहिली. कोटांची खोली सोडून बाई निघाल्याच तशा, लोकरी सपातांतच, बर्फात.

बस थांब्याला लागत होती.

"पोरी," गेनाबाई म्हणाल्या, आणि या खेपेला त्यांचा आवाज खरोखरच लहान होता, "चूक माझी आहे. म्हातारीला अक्कल नाही. हा घे तुझा कोट. हात घाल. दुसरा."

यागोदाने कोट चढवला. तो अजून गरम होता. "गेनाबाई, मला जाऊ द्या. बस सुटेल."

"तुला जायचं तर जा. मी अडवणारी कोण? पण तिथं नाहीच जायचं असं ठरवलं असशील, तर ते तुझ्या मनानं ठरव. माझ्या बिल्ल्यापायी ठरवू नकोस. बाजूच्या दारानं जा. कोट घालूनच जा आत."

किंगाने डोळे मोठे केले. "कोट घालून?"

"घालून! आणि कुणी हटकलं तर सांग, गेनोवेफानं सांगितलंय."

बसचे दार उघडले. चालक वाकून म्हणाला, "बायांनो, येताय की गप्पा मारताय?"

यागोदा पायरीकडे पाहत राहिली. मग तिने मान हलवली, नाही म्हणून. बस निघून गेली. अंगणातून परतताना तिच्या एका बाजूला किंगा होती, दुसऱ्या बाजूला गेनाबाईंच्या ओल्या सपाता फटफट वाजत होत्या. बाजूच्या दारापाशी दोघी थांबल्या. पुढे ती एकटी गेली. कोट घालून, बटणे लावून, स्टेशनवर निघाल्यासारखी. कुणी काही म्हणाले नाही. दार उघडले, लागले.

आत ती काय बोलली, ते मला माहीत नाही आणि ते मला माहीत असायचे कारणही नाही. वसंतापर्यंत तिला दुसऱ्या मार्गदर्शक बाई मिळाल्या होत्या, एवढे फळीवरच्या बोलण्यातून कळले. सरांची चौकशी अजून चालू आहे. ते रोज येतात, टोपी उचलून नमस्कार करतात आणि कोट देतात. गेनाबाईंनी त्या बर्फातल्या दिवशीच पितळी आणि ॲल्युमिनियमचे सगळे बिल्ले एका डब्यात ओतून घोळवले होते, त्यामुळे कधीकधी मी त्यांच्याही खिशात जाऊन पडतो. त्यांना काहीच वाटत नाही. ज्याला वाटायला हवे त्याला लाज वाटत नाही, आणि मी पितळेचा तुकडा त्यांच्या खिशात अंग चोरून बसतो.

वितलाही एकदा मी मिळालो. तो म्हणाला, "अहो, हा नको, दुसरा द्या." गेनाबाई म्हणाल्या, "कोट हवा की नको?" त्याने मला खिशात खोल दडवले. मूठ घामाने ओली कशी होते, ते त्याला त्या दिवशी कळले असावे.

इतर जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, मित्रांनो, आम्हाला घासा, पुसा, चमकवा. माझे मागणे उलटे आहे. मला मळू द्या. सगळ्यांसारखा दिसू द्या. कुणी दुखावलेला माणूस मदत मागायला निघाला तर त्याला वाट जरूर द्या, पण वाट दिली म्हणून पुकारू नका. त्याच्या हातात काय आहे ते पाहू नका. तो कोणत्या दाराकडे वळला, हे दुसऱ्याला सांगू नका. मदत अशी असावी, की घेणाऱ्याला ती लपवावी लागू नये.

माझ्या आयुष्यात मी हजारो हातांत बसलो. पण कुणाच्या कामी आलो असे मला विचाराल, तर मी त्या सकाळचे सांगेन. यागोदाने ते दार उघडले तेव्हा तिचे दोन्ही हात मोकळे होते.